डिझेलच घ्यायचं ठरलं होतं

आधी मावशींचं सांगतो, मग ट्रकचं. उलट सांगितलं तर ट्रक मी निवडला असं वाटेल, आणि ते खरं नाही.

मावशी माझ्या नात्यातल्या नाहीत. मूळच्या नागपूरच्या, पण ॲरिझोनात येऊन चाळीस वर्षं होत आली. चँडलरमधल्या एका चिप बनवणाऱ्या कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झाल्या. वय एकाहत्तर. गावाच्या कडेला त्यांचं घर आहे, बाजूला मोकळी जागा आहे आणि तिथे काय उभं करायचं हे सांगायला कुठली सोसायटी नाही. आमच्या कॉलनीत आहे. आम्ही जुना कॅम्पिंग ट्रेलर घेतला आणि तो दारात उभा केला, तर चौथ्या दिवशी सोसायटीचं पत्र आलं. मराठी मंडळाच्या जेवणात बायको हे कुणाला तरी सांगत होती. पलीकडे ताट घेऊन बसलेल्या मावशी न वळताच म्हणाल्या, "माझ्याकडे आणून लावा. जागा आहे." तेव्हा आमची ओळखसुद्धा धड नव्हती.

ट्रेलर घेतला तो एका मराठी कुटुंबाकडून. त्यांची बदली पार उत्तरेकडे रेडमंडला झाली, तिकडच्या पावसात ट्रेलर नेऊन काय करायचं म्हणून ते घाईने विकत होते; त्यांनीच तो आमच्या दारात आणून सोडला. बावीस फुटी, आत दोन बिछाने, एक ओटा, इवलंसं न्हाणीघर. मुलं त्यात शिरली ती बाहेर यायलाच तयार नव्हती. ओढायला मात्र आमच्याकडे एक छोटी गाडी, तिच्याने ट्रेलरचं दारही हललं नसतं. त्या दिवशी बायको म्हणाली, "ट्रक तू बघ. मला त्यातलं काही कळत नाही. तू म्हणशील तो घेऊ."

हे वाक्य ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्या मागोमाग धास्तीही आली. आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय बायको घेते. तसं भांडण नाही त्यात. ती इंजिनीअर, मी नववीत शाळा सोडलेला. सांगलीकडे एका वर्कशॉपमध्ये चौदा वर्षं डिझेल पंप आणि नोझल दुरुस्त करायचो. तिच्या घरच्यांना मी पसंत नव्हतो, तिच्या आईला तर मुळीच नाही. इथे आलो, कामाचा परवाना मिळेपर्यंत काही वर्षं घरी बसलो, आता टायरच्या दुकानात काम करतो. घर कुठलं, शाळा कुठली, विमा कुठला, सगळं तिने ठरवलं. ट्रक हा पहिला निर्णय माझा. आणि पेसनच्या डोंगरातल्या पहिल्याच सहलीला मागच्या सीटवर सासूबाई असणार होत्या. त्या पहिल्यांदाच अमेरिकेला यायच्या होत्या. म्हणजे चूक झाली तर ती चारचौघांत होणार.

मग ते तीन आठवडे. मी एका जागी बसूच शकत नव्हतो. जेवताना उठायचो, फोन बघायचो, परत बसायचो. दुकानात एखादा ट्रक टायर बदलायला आला की मालकाला विचारायचो, काय ओढता, कसा चालतो, चढावर काय करतो. कुणी म्हणे डिझेलशिवाय ओढण्यात मजा नाही. कुणी म्हणे पेट्रोलच बरं, डिझेल बिघडलं की घर विकावं लागतं. इथे पेट्रोलला गॅस म्हणतात, त्यामुळे सुरुवातीला आईला फोनवर समजावताना माझी फार तारांबळ झाली होती, ती समजे आम्ही सिलिंडरवर गाडी चालवतो. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने मायलेजचा भला मोठा तक्ता टाकला. दुसऱ्याने लिहिलं, "यार, त्यांना काय तक्ते दाखवतोस. ते डिझेलचे डॉक्टर आहेत." खाली बारा जणांचे अंगठे.

ते वाचून मी सुखावलो, हे कबूल करतो. या लोकांत मी जिथे बसतो तिथे सगळे शिकलेले. त्यांना येत नाही आणि मला येतं असं एकच काहीतरी होतं, ते म्हणजे डिझेल.

डीलरकडे दोन ट्रक मनात भरले. दोन्ही वापरलेले, दोन्ही एकाच मापाचे, एक डिझेल, एक पेट्रोल. डिझेल सुरू केला आणि तो खालचा घुमणारा आवाज पायातून वर आला. मला वर्कशॉपचा वास आला, खरंच आला. विक्रेत्याला म्हटलं, शनिवारपर्यंत हा कुणाला देऊ नकोस. घरी येऊन बायकोला सांगितलं, "डिझेलच." ती म्हणाली, "बरं." एवढंच. मग मात्र मला आणखीच चैन पडेना. तिने एखादा प्रश्न विचारला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवारी दुपारी काम लवकर संपलं म्हणून ट्रेलरच्या चाकांची हवा बघायला मावशींकडे गेलो. त्या अंगणात खुर्ची टाकून शेंगा सोलत बसल्या होत्या.

"काय ठरलं मग?"

"डिझेल, मावशी."

"काहून?"

मी सांगितलं. ओढायची ताकद, चढावर दम लागत नाही, इंजिन लाखो मैल चालतं. त्या ऐकत होत्या. त्यांच्या स्वतःच्या अंगणात डिझेलचाच दांडगा ट्रक उभा होता, म्हणून मला वाटलं त्या खूश होतील.

"आणि रोज कुठे चालवून राहिलास तो?"

"दुकानात. मुलांना शाळेत सोडायला."

"किती लांब?"

"दुकान दोन मैल. शाळा तीन."

"आणि ट्रेलर वर्षातून किती वेळा ओढशील?"

मी बोटं मोजली. चार. फार तर पाच.

त्या शेंगा सोलत राहिल्या. त्यांना पुढे काही बोलायची गरज नव्हती, कारण पुढचं मला ठाऊक होतं. मी दुरुस्त केलेले पंप जुन्या इंजिनांचे. आताच्या डिझेलच्या धुरांड्यात काजळी धरणारी जाळी असते. गाडी लांब पळून चांगली तापली तर ती काजळी जळून जाते. दोन-तीन मैलांच्या फेऱ्यांत ती साठत जाते आणि एक दिवस गाडी अडून बसते. टायरच्या दुकानात अशा गाड्यांच्या तक्रारी मी स्वतः ऐकल्या होत्या. ऐकून मान डोलावली होती, आणि स्वतःच्या बाबतीत त्या बाजूला सारल्या होत्या.

"मी आपली उन्हाळाभर भटकते, हजारो मैल," मावशी म्हणाल्या. "माझं वेगळं. बरं, ट्रकच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचला का?"

"बघितला."

"बघितला की वाचला?"

मी चाकाजवळ वाकलो. स्टिकरवर इंग्रजीत बारीक अक्षरात काहीतरी असतं हे मला माहीत होतं. विक्रेता शेजारी उभा असताना मी कधी इंग्रजी वाचत नाही. मला अक्षरं लावत लावत वाचावं लागतं, ओठ हलतात. बारा वर्षांत मी हे लपवायला बऱ्यापैकी शिकलो आहे. चष्मा विसरलो म्हणतो. घरी नेऊन बघतो म्हणतो.

मावशींनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं. "सहलीला जे जे न्यायचं, ते सगळं आज ट्रेलरमध्ये भर. उद्या सकाळी माझ्या ट्रकला जोडू आणि वजनकाट्यावर नेऊ."

भरताना मला आम्ही काय माणसं आहोत ते कळलं. सहलीला मंडळाची आणखी पाच कुटुंबं येणार होती आणि बायकोने सगळ्यांचा स्वयंपाक अंगावर घेतला होता. तांदळाची पोती दोन, कणीक, दोन मोठे कुकर, लोखंडी कढई, पुरणपोळीचा तवा, पाण्याचे कॅन, सासूबाईंसाठी घडीची खाट. शिवाय डोशाच्या पिठाचा दगडी ग्राइंडर, तो उचलताना माझ्या पाठीतून कळ गेली. ट्रेलरच्या कागदावर लिहिलेलं वजन रिकाम्या ट्रेलरचं होतं. मी सगळा हिशोब त्याच आकड्यावर केला होता.

हायवेवरच्या ट्रक थांब्यावर वजनकाटा आहे. मावशींनी ट्रक आणि ट्रेलर त्यावर असा अलगद नेला की मी बघत राहिलो. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॉल्या चढताना मी लहानपणापासून बघितल्या होत्या, त्या जागी मला एकदम घरच्यासारखं वाटलं. ट्रॉली पुढच्या बाजूला जड भरली की ट्रॅक्टरच्या हुकावर किती भार येतो हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी ट्रेलरच्या बाबतीत मी ते मनात आणलं नव्हतं. एकदा जोडून, एकदा सोडून वजन केलं. मावशींनी वजाबाकी करून दाखवली. ट्रेलरचं टोक ट्रकच्या मागच्या गोळ्यावर टेकतं, तिथे साडेसातशे पौंड पडत होते.

ती पावती घेऊन आम्ही डीलरकडे गेलो. विक्रेता हसत पुढे आला. मावशींनी डिझेल ट्रकचं दार उघडलं आणि चौकटीवरच्या पांढऱ्या स्टिकरवर बोट ठेवलं.

"वाच."

"मावशी, तुम्हीच..."

"माझा चष्मा घरी राहिला."

तो त्यांच्या डोळ्यांवर होता. मी वाचलं. विक्रेता बाजूला उभा, माझे ओठ हलतात. माणसं आणि सामान मिळून किती वजनापेक्षा जास्त कधीही होऊ नये, असं ते वाक्य होतं. आकडा तेराशे नव्वद पौंड. वाक्य संपलं. विक्रेत्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तो फोनवर कुणाला तरी काही लिहीत होता.

"आता माणसं मोज," मावशी म्हणाल्या. "तू, बायको, दोन पोरं. आणि सासूबाई किती?"

मी बायकोला फोन केला. "आईंचं वजन किती आहे गं?"

पलीकडून, "का?"

"ट्रकसाठी."

"तू माझ्या आईचं वजन ट्रकसाठी विचारतोयस?" मागून मुलीचा आवाज आला, "बाबा, दॅट्स सो रूड." मग बायको हसायला लागली आणि हसता हसताच तिने आकडा सांगितला, वर म्हणाली, "तिला हे कधीच कळता कामा नये."

सगळे मिळून, ट्रेलरच्या टोकाचा भार धरून, मागे टाकायचं थोडं सामान धरून, सोळाशेच्या वर गेलं. डिझेल इंजिन स्वतःच जड असतं, त्यामुळे तो ट्रक आमच्यासाठी कमी जागा ठेवत होता. ओढण्याची ताकद त्यात भरपूर होती, आम्हाला अंगावर घ्यायची सोय नव्हती. पेट्रोलच्या ट्रकचा स्टिकरही मीच वाचला. दुसऱ्यांदा वाचायला कमी वेळ लागला. सतराशे चाळीस. जेमतेम बसत होतो.

मी आठवडाभर ज्याला हो म्हणून बसलो होतो त्या ट्रकमध्ये माझी पोरं बसली असती आणि पेसनच्या उतारावर मला कळलं असतं. किंवा कळलंही नसतं.

"घरी काय सांगू?" मी विचारलं.

"ते तुझं तू बघ," मावशी म्हणाल्या. "माझं नाव घालू नको त्यात. मी फक्त ट्रक चालवला."

मी नाव घातलं. घरी जाऊन ओट्यापाशी उभा राहिलो आणि बायकोला सगळं सांगितलं. डिझेल चुकीचा होता. स्टिकर मी वाचलाच नव्हता, कारण त्या माणसासमोर मला वाचायची लाज वाटली. हे शेवटचं तोंडातून कसं निघालं मला माहीत नाही. बायको भाजी ढवळत होती. गॅस बारीक केला.

"चष्म्याचं मला माहीत होतं," ती म्हणाली. "तू चष्मा लावतच नाहीस." मग म्हणाली, "पण ट्रक तूच बघायचा. अजूनही."

पेट्रोलचा ट्रक घेतला. ग्राइंडर घरी ठेवला, त्यावर सासूबाईंशी थोडी बोलाचाली झाली. जूनमध्ये निघालो. चँडलरचा उकाडा मागे पडला आणि पेसनकडचा चढ सुरू झाला तसा इंजिनाने आवाज चढवला. डिझेल असता तर नुसता घुमत वर गेला असता. हा ओरडत होता. मागून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, हा एवढा का ओरडतोय?"

"चढ आहे ना, आई. पेट्रोलचं इंजिन असंच ओरडून चढतं."

"मग ओरडू द्या," त्या म्हणाल्या, आणि बाहेर बघत बसल्या. मला त्या कधी जावईबापू म्हणाल्या नव्हत्या. मी आरशात बघितलं, पण त्यांचं लक्ष पाइनच्या झाडांकडे होतं. उतारावर खालच्या गिअरमध्ये सावकाश आलो. एखादा डिझेल ट्रक ट्रेलर घेऊन आरामात पुढे गेला की अजून माझा कान तिकडे जातो, आणि वाटतं, चुकलो का? मग मी मनातल्या मनात सगळ्यांची वजनं पुन्हा एकदा मोजतो.

कॅम्पच्या जागी पोचल्यावर मावशींना फोन केला. नीट पोचलो म्हटलं, चढावर किती ओरडला ते सांगितलं. त्या हं हं करत होत्या. मग म्हणाल्या, "बाबू, जानेवारीत माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्या दिवशी घरी आणून सोडायला कुणीतरी लागतं म्हणतात. पोराला सांगितलं नाही, तो पार पूर्वेकडे, स्टेट कॉलेज नावाच्या गावी, उगीच विमानं शोधत बसेल. तू चालवशील माझी गाडी?"

मी हो म्हटलं. फोन ठेवला, मुलं हाका मारत होती, तिकडे गेलो.

जानेवारीत मी जाईन, दिवसभर तिथे बसेन, आणि त्यांना हळू चालवत घरी आणेन. एवढ्याने फिटणार नाही हे मला कळतं. त्यांनी मला डीलरकडे त्या माणसासमोर वाचायला उभं केलं आणि नंतर त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. अशा गोष्टीची फेड कशी करतात ते मला अजून सापडलेलं नाही, पण मावशी, कधीतरी करीन.