कवीला काय झालं होतं

माझे वडील, आमचे दादा, पालीच्या शाळेत मराठीचे गुरुजी होते. एक जुना संतकवी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यानं समाधी घेतली असं सगळा मुलूख मानतो. दादा म्हणायचे, "समाधी-बिमाधी काई न्हाई. आजारी पडून गेला बिचारा. शेवटची पदं वाच, सगळं लिवलंय त्यानं."

मी बीडला डॉक्टर. मला या विषयाचा लई वैताग यायचा. इथं जित्या माणसांची रांग हटत नाही, आणि ह्यांना मेलेला तपासून पाहिजे!

गेल्या उन्हाळ्यात दादांना भाकरी गिळवेना. तपासण्या केल्या. अन्ननलिकेचा कॅन्सर, पार यकृतापर्यंत गेलेला. आईला सांगितलं तर तिनं माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "माजी शपथ हाय. त्यांना सांगू नको. हाय खातील ते." आमच्याकडं असंच असतं. गावाला माहीत, ज्याचं दुखणं त्यालाच नाही. दुसऱ्यांच्या घरी असलं काही दिसलं की मी नातेवाइकांवर खेकसते. स्वतःच्या घरी मात्र अल्सर म्हणून मोकळी झाले.

एका दुपारी आई शेजारी गेलेली. दादांनी पोथी मांडीवर घेतली.

"बाई, आज माज्या कवीला तपास. आधी म्हणतो भाकरी उतरंना. मग पेज. मग पाणीसुदिक अडकतं. काय झालं असंल त्याला?"

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी पोथीतून मान वर केली नाही.

"अन्ननलिकेचा कॅन्सर."

"इलाज?"

"उशीर झालता, दादा."

"किती दिवस काढले असतील?"

"दिवाळी बघितली नसंल."

"लई दुखलं असंल का गं?"

"तवा दुखलं असंल. आता आमी दुखू देत न्हाई." मी एवढं म्हणाले आणि मला रडू कोसळलं.

दादांनी पोथी फडक्यात बांधली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नको, माय. आईची शपथ काई मोडली न्हाईस तू. आपण कवीचंच बोललो." मग म्हणाले, "मला कळलंय, हे तिला सांगू नको बरं. हाय खाईल ती."

संध्याकाळी आईनं दुधात कुस्करलेली भाकरी आणली. दादांनी दोन घास कसेबसे उतरवले आणि बरं वाटतंय म्हणाले.

दिवाळीच्या आधीच ते गेले. आई अजून आल्यागेल्याला सांगते, "शेवटपर्यंत कळू दिलं न्हाई त्यांना." मी शेजारी बसून हो म्हणते.