जुनी कोणती, अप्पा?

मन्मथअप्पा गेल्याचा निरोप मला परभणीला मोंढ्याच्या बाजारात मिळाला. विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा नुकतीच झाली होती. चौकाचौकांत पोलीस उभे होते आणि एसटी निघेल की नाही हे कंडक्टरलाही सांगता येत नव्हतं. शेवटी रेल्वेनं गंगाखेड गाठलं. घराच्या ओसरीत पाहतो तर अप्पा बसलेले. भिंतीला टेकून, कपाळभर भस्म, गळ्यात हार, मान किंचित पुढं झुकलेली... लिंगायतांत बसवूनच नेतात, हे मला का माहीत नाही? कितीतरी मयतींना गेलोय. तरी माझा पाय उंबऱ्यातच अडला. घड्याळ उघडून बसले की त्यांची मान अगदी अशीच असायची. वाटलं, निरोप चुकलाय, आता हे मान वर करून म्हणतील, "बोरीकर, या, बसा." आणि त्यावर आपण काय बोलायचं, ते मी मनात जुळवायला लागलो. कारण माझं त्यांच्याशी भांडण होतं, आणि ते मिटलेलं नव्हतं.

मी मूळचा बोरीचा. ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो आणि गंगाखेडला मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, ते कुणाच्या मेहरबानीवर नाही. आमच्या धंद्यात सगळा जीव एका सवालात, माल असली का नकली. बेअरिंग कानाशी फिरवून, रबर नाकाशी धरून मी सांगतो. भाव पाडताना मी समोरच्याला घाम फोडतो असं लोक म्हणतात, पण माझ्या दुकानातून नकली माल गेला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. एक प्रसंग सोडून. तो पुढं सांगतो.

अप्पांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. माणूस कायम सायकलवर. पण दर काही दिवसांनी ब्रेक ऑइलचा डबा न्यायला माझ्याकडे हजर. एकदा मला राहवलं नाही.

"अप्पा, सायकलला ब्रेक ऑइल लागायलंय का आता?"

"सायकलला कशाला? रंग उतरवायला लागतंय."

"कशाचा रंग?"

"मोटारीचा."

"तुमची मोटार कुठं हाय?"

"टेबलावर," अप्पा म्हणाले आणि डबा हँडलला अडकवून निघून गेले.

मला वाटलं, थट्टा केली. पण अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या दंगलीच्या पावसाळ्यात, बाजार बंद पडला. आजूबाजूच्या खेड्यांतून कानावर येऊ नये असं काही काही येत होतं, आणि आम्ही दुकानदार शटर अर्धं ओढून नुसते बसून. तेव्हा अप्पांनी मला दुकानामागच्या खोलीत नेलं. टेबलावर खरंच मोटार होती, वीतभर लांबीची. मागं माशाच्या परांसारखे पंख असलेली जुनी अमेरिकन मोटार, सगळी प्लास्टिकची. परदेशात अशा मोटारींचे भाग खोक्यात मिळतात, प्लास्टिकच्या काड्यांना लटकलेले. ते तोडायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. ही मोटार कुणीतरी कधीकाळी जोडलेली, पोरांनी मोडलेली आणि हैदराबादच्या जुम्मेरात बाजारात मोडक्या खेळण्यांच्या ढिगात पडलेली. पुढचा बंपर नाही, एक चाक नाही. अप्पा लहानपणी वडिलांबरोबर हैदराबादला गेले होते तेव्हा अशीच लाल मोटार त्यांनी रस्त्यावर पाहिली होती, एवढंच कारण. ब्रेक ऑइलमध्ये बुडवून त्यांनी तिचा जुना रंग काढला होता. उरलेली काडी मेणबत्तीवर तापवून, केसासारखी ताणून, त्यांनी माझ्यासमोर तिची एरियल केली. मी सुट्या भागांचा व्यापारी, पण एवढी लहान एरियल लागणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. कपाटात आणखीही मोटारी होत्या, दुबईच्या भाच्यानं आणलेल्या. त्यांच्याकडे अप्पा फारसं बघत नसत. लाल मोटारीला बंपर कुठं मिळेल, हेच त्यांचं चाललेलं.

बंपर मी मिळवला. बंपरच नाही, अख्खी मोटार. मुंबईला माल भरायला गेलो असताना एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे बोटीवरच्या माणसानं ठेवलेलं खोकं दिसलं. झाकणावर तीच मोटार, तेच पंख. त्या व्यापाऱ्याशी मी अख्खी दुपार घासाघीस केली, दोनदा पायऱ्या उतरून परत चढलो, आणि सीलबंद खोकं छातीशी धरून गंगाखेडला आणलं. थेट अप्पांच्या दुकानात. चार गिऱ्हाइकं बसलेली. अप्पांनी डोळ्याला भिंग लावून खोकं उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाले, "बोरीकर, ही परत काढलेली हाय. जुनी न्हाई."

बाकावरचा एक मास्तर हसला. "म्हणजे बोरीकरांनी अप्पांनाबी डुप्लिकेट दिली म्हणा की."

मी अप्पांकडे बघत राहिलो. ते काहीतरी बोलतील, मास्तरला गप्प करतील... पण ते खोक्याचा कागद नखानं सोडवण्यात दंग.

"परत काढलेली म्हणजे?" मी विचारलं.

"कंपनी साचा ठेवून देती. वर्सानुवर्सं पडून असतो. लोक मागायला लागले की पुन्हा काढती, नव्या खोक्यात."

"साचा तोच?"

"तोच."

"कंपनी तीच?"

"तीच की. साचा झिजलेला असतो, कडा जरा बोथट येतात, एवढंच."

"मग असली का नकली, तेवढं सांगा अप्पा. हितंच, ह्यांच्यासमोर."

अप्पांनी भिंग काढलं. खरंच विचार करत होते. "तसं न्हाई सांगता यायचं," ते म्हणाले.

मी उठून आलो. त्यानंतर कितीतरी दिवस बाजारात ज्याला त्याला माझ्या दुकानात फॅनबेल्ट घेताना हसू यायचं, "परत काढलेला तर न्हाई ना?" एका वाक्याचं काम होतं. "बोरीकरांचा माल असली असतो," एवढं म्हटलं असतं तर अप्पांचं काय गेलं असतं? अप्पा ब्रेक ऑइलला येत राहिले. मी डबा पुढं सरकवायचो, ते न्यायचे. त्या दिवसाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्यांना ते लक्षात तरी होतं का, हेही मला आजवर कळलेलं नाही.

मागच्या दिवाळीच्या सुमारास त्यांचं अंग सुजायला लागलं, तेव्हा मी गेलो. टेबलावर ताटात दोन्ही मोटारींचे भाग एकत्र पडलेले. नवीचा बंपर जुनीला गेला होता, मग नवीला बंपर घडवला होता, तो जास्त चांगला झाला म्हणून जुनीला गेला होता. "ह्यातली जुनी कोणती, अप्पा?" मी विचारलं. "थांबा, मलाबी आठवावं लागतंय," म्हणाले आणि लगेच चहाचं सांगायला हाक मारली. आठवलं की नाही, ते राहूनच गेलं.

दिवस झाल्यावर अप्पांच्या बायकोनं, वैनींनी, मला दुकानामागच्या खोलीत बोलावलं. कपाटात दोन लाल मोटारी शेजारी शेजारी उभ्या.

"जायच्या आधी म्हणले, जुनी बोरीकरला द्या. घ्या भाऊ."

"जुनी कोणती, वैनी?"

"ते मला काय ठाव? तुमचाच धंदा हाय की."

मी दोन्ही खिडकीशी नेल्या. जुनं रबर चाकाचं प्लास्टिक खातं, हे अप्पांनीच शिकवलेलं. दोन्हींची दोन दोन चाकं खाल्लेली. बुडाला कंपनीचं नाव दोन्हीकडे तेच. नाकाशी धरल्या तर दोन्हींना त्या खोलीचाच वास. आणि जुनी मला द्या, म्हणजे तरी काय? मी आणलेली त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतली, हा मान समजायचा? की त्या दिवशीचं न बोललेलं वाक्य, उशिरा का होईना? की बोरीकरला असलीचा लय शौक, देऊन टाका त्याला असली... असा टोमणा? मी उभ्या हयातीत माल पारखल्याशिवाय उचललेला नाही. त्या दिवशी एक उचलली आणि निघालो.

कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. "ही नव्हं, ती द्या." वैनींनी दिली. ती दुकानाच्या काचेच्या कपाटात ठेवली. आठवड्याभरात तिच्या पंखांच्या कडा मला बोथट दिसायला लागल्या. सोमवारी दुकान बंद असतं, नेऊन बदलून आणली. दुसरीच्या कडा बोथट दिसायला त्याहून कमी दिवस लागले.

"हे पण असंच करायचे," वैनी म्हणाल्या. "हिचं काढून तिला, तिचं काढून हिला. मला वाटायचं, हातांना काम पायजे म्हणून करायलेत."

गेल्या सोमवारी गेलो तेव्हा दुसरी मोटार आधीच कागदात बांधून ठेवलेली होती. मी माझ्याकडची टेबलावर ठेवली. अप्पांचा चिमटा आणि चिकटवायच्या औषधाची बाटली तिथंच होती, बाटलीचं बूच उघडं.

"सावकाश न्या भाऊ," वैनी म्हणाल्या. "आरसा निघाला होता, मी बसवलाय. हिचा का तिचा, ते मातर विचारू नका."