मांगीलालने केलेली हजामत

उज्जैनच्या कॉलेजात आमची जंतूंची लॅब एका खोलीची. पण किस्से असे साचायचे, की सिंकमधल्या न धुतलेल्या टेस्टट्यूब परवडल्या! त्यातल्या निम्म्यांत आमचा शिपाई मांगीलाल.

मध्यभारत जाऊन नुकताच मध्यप्रदेश झाला होता. जो तो भोपाळला चाललेला. ऑफिसं, फायली, खुर्च्यासुद्धा! देवधर सर धास्तावलेले. "अरे, लॅब उचलली तर मी करू काय? माझे जंतू क्षिप्रेच्या पाण्यातले!"

*

सरांना वेड जंतूंच्या केसांचं. प्रथिनांचे बारीक तंतू, त्यांनीच जंतू चिकटतो. आमच्या मायक्रोस्कोपला ते दिसायचे नाहीत. मग सर स्वतःच्या बोटाला सुई टोचून रक्त काढायचे, पातळ करून त्यात जंतू मिसळायचे. जंतूंनी रक्तपेशी धरल्या, की काचेवर गुठळ्या! देवधरकाकू वैतागायच्या, "घरात विळीला हात लावत नाहीत, म्हणे बोट कापेल!"

*

एकदा मी विचारलं, "सर, हे केस टोकाकडून वाढतात की मुळाकडून?"

सर विचारात पडले. फरशी पुसता पुसता मांगीलाल बोलला, "जड़ से, सर. आपका ही देख लो, खिजाब ऊपर रह गया, सफेदी नीचे से आ रही!"

कलप उघडा पडलेले सर आठवडाभर टोपी घालून आले. पुढे कित्येक वर्षांनी शास्त्रज्ञांनी सांगितलं, प्रथिनाचा नवा मणी मुळाशी जोडला जातो, जुने टोकाकडे सरकतात. मांगीलालला विचारायचं ना!

*

मग सरांनी काकूंची ताकाची रवी पळवली. जंतू खूप घुसळले की केस तुटतात, गुठळ्या होत नाहीत. घुसळायचं काम मांगीलालचं. सर म्हणायचे, "झाली हजामत!" जंतूंना ताजं खाणं दिलं, की सकाळपर्यंत केस परत.

*

शेवटी भोपाळहून साहेब आले. लॅब ठेवायची की हलवायची, तेच ठरवणार. सरांनी प्रयोग मांडला. गुठळी होईना! पुन्हा केला. नाहीच.

"मांगीलाल, कौनसी बोतल लाया?"

"वही, सर. साहब आने वाले थे, तो मैंने सबकी हजामत बना दी!"

सरांनी साहेबांना सगळं समजावलं. साहेब हसले नाहीत. "बाल वापस कब आएँगे?"

"कल सुबह, साब," मांगीलालच बोलला.

साहेब संध्याकाळी परतायच्या बेताने, दाढीचं सामानही न घेता आले होते, तरी थांबले.

सकाळी थेंबात थेंब मिसळला, काच हलवली, आणि गुठळ्या! साहेबांनी वाकून पाहिलं आणि फायलीवर लिहिलं, लॅब उज्जैनमध्येच राहील. सरांचे डोळे भरून आले.

मांगीलाल मात्र साहेबांच्या हनुवटीकडे टक लावून बघत होता.

"हुजूर," तो म्हणाला, "आपकी भी आ गई!"