रघूचा फोटो आधी आला

आधीच सांगते, भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नाही. श्रीपेरुंबुदूरच्या एका गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नाहीच. या सदरातले अनुभव वाचून "काय एकेक पुड्या सोडतात लोक!" असं मी नवऱ्याला कितीदा तरी म्हटलंय. आता माझीच पाळी आली. हसायचं तर हसा... पण पूर्ण वाचून हसा.

आम्ही साताऱ्याचे. बरीच वर्षं झाली चेन्नईत, वेलचेरीला राहतो. समोरच्या फ्लॅटमध्ये व्यंकटरावकाका आणि कमलाकाकू. तंजावरकडची मराठी माणसं, पिढ्यान्‌पिढ्या इकडेच. त्यांची मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू यायचं – मध्येच तमिळ, मध्येच पोथीतल्यासारखं काहीतरी. पण माझ्या बाळंतपणात रोज गरम रसम-भात याच काकूंनी आणून दिला. त्यांचा एकुलता एक मुलगा रघू तेलाच्या जहाजावर इंजिनियर. आखातात युद्ध पेटलं आणि त्याचं जहाज तिथेच अडकलं. बंदरात घेईनात, बाहेर सोडीनात.

इकडे आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेगळंच युद्ध. एरवी गणपतीतल्या मोदकांशिवाय कशावर तोंड न उघडणारी मंडळी एकदम सेनापती झाली. एक गट म्हणे, आपल्या सरकारची काय ही मुत्सद्देगिरी! दुसरा म्हणे, शेपूट घातलंय. नकाशे, बाण, क्षेपणास्त्रांचे व्हिडिओ... मीही होतेच त्यात, उगाच साळसूद कशाला बनू?

एका रविवारी सकाळी ग्रुपचे ॲडमिन कुलकर्णीकाका यांनी एक फॉरवर्ड टाकला. "निरपराध भारतीय खलाशाचा बळी! आता तरी बोला! पुढे पाठवा." खाली फोटो. जहाजाचा कठडा, अंगात नारिंगी बॉयलर सूट, तुळतुळीत डोकं, मिशी नाही, हातात छोटा तांब्या.

तो रघू होता.

मी तशीच उठले. दार उघडलं तर काकूही त्यांच्या दारात, फोन हातात धरून उभ्या. काकांनी व्हिडिओ कॉल लावला. खूप वेळाने लागला – आणि रघू दिसला! जिवंत. झुपकेदार मिशी, डोक्यावर केसांचं टोपलं. काकू रडायलाच लागल्या.

"अम्मा, एआय आहे ग हे! कोणी जुन्या फोटोवरून केलं असेल," तो हसत म्हणाला. मी त्याला तो फोटो पाठवला. त्याने नीट पाहिला असावा, कारण हसू थांबलं. "अप्पा, हा तांब्या आपला. ह्यावर आजोबांचं नांव आहे. हा माझ्या बॅगेत तळाला आहे... इथं कोणी पाहिलाच नाहीं."

तेवढ्यात फोन कट झाला.

काकूंनी मात्र त्या फोटोत भलतंच पाहिलं. "बाप जीत असतां कोण मिशी काढतो ग?" मला म्हणाल्या. "रघूस कांही नाहीं. हें ह्यांचं आहे." बाप गेल्यावरच मुलगा मिशी उतरवतो, हे सातारा काय नि तंजावर काय, सगळीकडे सारखंच. झालं, रघूची काळजी सोडून त्या काकांच्या मागे लागल्या. ईसीजी, रक्त, सगळं. काका वैतागले. "अय्यो, फोटोस भिऊन कोणी डॉक्टराकडे जातो?" डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेत. मीही म्हटलं, बघा काकू, उगाच जीव टांगणीला लावलात.

पुढच्याच आठवड्यात काका गेले. सकाळी कॉफी पिता पिता.

रघू येऊ शकला नाही. विमानं बंद, आणि कंपनी म्हणे बदली माणूस मिळत नाही. मी हेल्पलाइनला फोन केले, ईमेल केले, शेवटी सोशल मीडियावर लिहिलं. पोस्ट खूप फिरली. खाली कमेंट्स काय? "डॉलरमध्ये पगार घेताना देश आठवला नाही का?" "सरकारला बदनाम करायचा नवा धंदा." आणि दुसऱ्या बाजूचे – "शाब्बास ताई, उघडं पाडा यांना!" त्या पोराला घरी कसं आणायचं, हे एकानेही विचारलं नाही. असा संताप आला म्हणून सांगू!

दिवस पुतण्याने केले. दहाव्याच्या सकाळी रघूचा फोन आला, काकूंनी स्पीकरवर टाकला. "अम्मा, मीही इथं करतों. डेकवर. तीळ आहेत, पाणी आहे."

काकू ओरडल्या. "मिशी काढूं नको कण्णा! डोई करूं नको! तो तांब्या काढूं नको!" जन्मभर सोवळं पाळलेली बाई नवऱ्याच्या दहाव्याला मुलाला विनवत होती, की बापाचं काही करू नकोस.

"झालं अम्मा," तो म्हणाला. "आत्तांच केलं. कुकनं फोटो काढलाय, पाठवतों."

फोटो आला. काकू बघेनात, म्हणून त्यांचा फोन मी घेतला आणि माझ्या फोनमधला फोटो शेजारी धरला. तोच. कठड्यावरचा गंजाचा ओघळसुद्धा तोच. मी रघूला लगेच फोन लावला, आत जा म्हणून सांगायला. पण आत म्हणजे कुठे? आणि कुठल्या तोंडाने सांगणार होते? फोन लागला नाही.

दुपारी त्या जहाजावर ड्रोन आदळलं. बाकी सगळे वाचले.

मी खूप डोकं फोडलं. भांडणं वाढली म्हणून ग्रुपवरचे मेसेज आपोआप पुसले जातात, त्यामुळे तिथे काही उरलेलं नाही. कुलकर्णीकाका शपथेवर सांगतात, "अगं, मी तो रघू गेल्यावर टाकला, आधी कसा टाकेन?" ऑफिसातला आयटीवाला म्हणतो, तुझ्या फोनची तारीख चुकली असेल. पण व्यंकटरावकाका तेव्हा जिवंत होते हो! त्यांनीच तर कॉल लावला होता. याचा अर्थ मला लागलेला नाही, कोणाला लागला तर मला कळवा.

आता तो फोटो सगळीकडे आहे. खाली तीच ओळ, शब्द न शब्द. सरकारचे लोकही तोच टाकतात आणि विरोधकही. काकू मला म्हणाल्या, "तूं तिथं लिहितेस न? त्यांस सांग, काढा म्हणून." मी कितीतरी जणांच्या हातापाया पडले. एका ठिकाणचा निघतो, दहा ठिकाणी उगवतो.

परवा मंडळाच्या ग्रुपवर कुणा नव्या सभासदाने लिहिलं, "हा माणूसच खोटा आहे. एआय." काकूंनी स्वतः उत्तर दिलं. त्यांना देवनागरी येत नाही, मराठी तमिळ अक्षरांत लिहितात. "माझा लेक आहे," एवढंच. लगेच त्याचा मेसेज आला, "हा मराठी ग्रुप आहे. कृपया मराठीत लिहा."

काकूंनी फोन माझ्यापुढे धरला. "काय लिहिलंय ग त्यानं?"