पिशवीतली निळी साडी

"हे काय नेसून आलीस? कुणाला पटेल का, तू वस्तीतली आहेस म्हणून?"

सिडकोतल्या एका महिला मंडळाचा हॉल. बायांच्या नेतृत्व प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस. आमच्या वस्तीच्या वतीनं मी बोलणार होते, म्हणून शेजारच्या शकीलानं तिची ईदची निळी साडी मला नेसवून धाडलं होतं. "क्या शेरनी दिखरी तू!" म्हणाली होती.

दारातच मला हटकणाऱ्या मंडळाच्या अध्यक्ष मॅडमला ती शेरनी नको होती. वस्तीत वाटायला गोळा केलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग कोपऱ्यात होता. त्यातून तिनं एक विटकी साडी ओढली आन् माझ्या हातात कोंबली. "मदत देणारे पाहुणे येतायत. समजून घे जरा."

मी नेसले. व्हय, नेसले! शकीलाची निळी साडी घडी घालून पिशवीत ठेवली. आठवडाभर ह्याच बाईनं शिकवलं होतं, ताठ मानेनं उभं राहा म्हणून.

स्टेजवर मला शेजारी उभं केलं. माझ्याहून वयानं लहान बाई, पण पाहुण्यांना अहो-जाहो आन् मला अगं-तुगं. माईकवर म्हणाली, "हिला स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नव्हतं. आम्ही हिला बोलतं केलं. हिच्या वस्तीत नळ आणला."

तळपायाची आग मस्तकात गेली. नळ? भर उन्हात रिकामे हंडे घेऊन वॉर्ड ऑफिसच्या दारात आम्ही बसलो होतो. शकीलाला चक्कर आली, तरी ती उठली नाय. तवा ह्या कुठं होत्या?

माईक माझ्या हातात दिला. कानात म्हणाली, "फक्त धन्यवाद म्हण."

मी म्हणलं, "ही साडी माझी नाय. मी नेसून आलेली चांगली साडी काढायला लावून ही नेसवली. नळ आम्ही भांडून आणला, ह्यांनी नाय."

"बस झालं, खाली बस!"

"नाय बसत."

आत गेले. पिशवीतली निळी साडी काढून नेसले. ती विटकी ढिगावर फेकली आन् पाहुण्यांच्या समोरून, मधल्या वाटेनं बाहेर पडले.

त्या पाहुण्यांकडून वस्तीला शिलाई मशिनी मिळणार होत्या. त्या गेल्या. दोघीचौघी माझ्यावर लई चिडल्या. चिडू द्या.

परवा मॅडमनं निरोप धाडला, झालं गेलं विसर. नाय विसरणार. आता बायांची बैठक आमच्याच गल्लीत भरते, माईक लावून. यायचं तर यावं मॅडमनं, सतरंजीवर बसावं, ऐकावं. पण आमच्या वतीनं तोंड उघडायचं नाय. उघडलं, तर तिथंच हातातून माईक काढून घेईन.