गेटवरची फुंकर

रोज सकाळी गेटवर आमची तोंडं हुंगायची, हे वॉचमनचं काम. कामगारांची दारू सुटावी म्हणून चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्याच्या मालकानं योजनाच काढली होती. वास आला नाही की पितळी बिल्ला मिळायचा, आणि आठवडाभराचे बिल्ले जमले की पगारावर बक्षीस.

वॉचमन करमाडचा, पन्नाशीचा. गळ्याचं बटणही लावायचा. "मारा फुंकर," म्हणत टाचा उचलून नाक पुढं करायचा. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा गावोगाव पेटलं होतं. तो नामांतरवाला, आमच्या घरात त्या नावाला विरोध. हा आपल्या माणसांना पिऊन आले तरी बिल्ले वाटतो, अशी माझी खात्री होती. मी पाळतच ठेवली होती.

एका सकाळी त्याच्या केबिनमधल्या स्टोव्हमधून रॉकेल गळत होतं. घमघमाट बाहेरपर्यंत येत होता आणि हा शेजारी बसून काडी ओढायच्या बेतात. मी ओरडलो, "तुला वास येत नाय का?"

त्यानं काडी खाली ठेवली. "नाय. ॲसिडच्या टाक्यांवर होतो, तवाच नाक गेलं."

"मग बिल्ले कशावर देतो?"

"पिलेला माणूस तोंड फिरवतो, श्वास दाबतो. लगेच कळतं."

"मंजे अंदाजानं!"

"व्हय. फक्त तुमच्यापाशी हा अंदाज चालत नाय. तुम्ही पीत नाय, तरी माझ्यासमोर रोज श्वास दाबता."

मग त्यानं माझा बिल्ला नेहमीसारखा टेबलावर ठेवला. बाकी सगळ्यांना तो हातात द्यायचा.