आबांचा जबाब

आमच्या घरात सहीपुढं कुणी काही लिहिलेलं नाही. तेव्हा एखाद्या माणसाविषयी लिहायला बसणं हा माझा आगाऊपणाच. वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण विमानाचा आवाज आला की निरवांगीच्या माळावर तांबडं मुंडासं सोडून डोक्यावर गरागरा फिरवणारा म्हातारा मेंढपाळ तुमच्यापैकी कुणी पाहिला असेल, तर ते आबा. नात्यातले नव्हेत, शेजारच्या वस्तीवरचे.

"पाव्हणा आला रं!" असं ओरडत. बारामतीकडून शिकाऊ वैमानिक यायचे. एखादा पंख हलवून उत्तर द्यायचा, की आबा दिवसभर खूश. मी दिसलो की विचारत, "काय कालेजवालं, इमान कशानं उडतंय, शिकिवलं का न्हाय?"

मी कला शाखेचा. "न्हाय, आबा."

"मंग शिकतोस काय तितं, झोपाया?"

एका सकाळी विमान फारच खाली आलं. मेंढरं उधळली. आबा मुंडासं फिरवतच होते. विमान विजेच्या तारांना अडकलं आणि पलीकडच्या ज्वारीत कोसळलं. आबा धावत गेले. आतला मुलगा माझ्याच वयाचा होता. संपलेला होता.

तिसऱ्या दिवशी अपघाताच्या चौकशीला साहेब आले. ते हिंदी बोलत, म्हणून आबांचं बोलणं हिंदीत सांगायला मला बोलावलं. आबांनी पाहिलेलं सगळं सांगितलं. शेवटी माझ्याकडे वळले. "मी बलावलं म्हून त्यो खाली आला. ह्ये बी सांग सायबाला."

बाजूला हवालदार उभा होता. हे ऐकून आबांना धरून नेतील, असं वाटलं. ते वाक्य मी सांगितलंच नाही. साहेबांनी जबाब लिहिला, आबांनी अंगठा दिला.

त्यानंतर आबांनी घोंगड्यात एक धोतर बांधून गाठोडं दारात ठेवलं. रस्त्याला जीप वाजली की उठून उभे राहत. "आलं व्हय मला न्यायला?" ते वाक्य मी गाळलं हे आबांना सांगावं, तर ते स्वतःच उठून पोलिसांकडे जातील, जबाब लपवला म्हणून मलाही धरतील. उद्या सांगू, असं रोज म्हणायचो. मग कॉलेजजवळच खोली घेतली आणि त्या वस्तीकडे जाणंच टाळू लागलो.

एका दुपारी त्यांचा मुलगा, एमआयडीसीतली पाळी सुटल्यावर, मोटरसायकल घेऊन कॉलेजच्या फाटकाशी आला.

"आबा गेलं. परवा," तो म्हणाला. "ताप हुता. म्या इचारलं, आबा, भ्या वाटतंय का? तर म्हनलं, आता कशाचं भ्या? सायबाला समदं सांगितलंय. कालेजवाल्यानं एक शबूद गाळला न्हाई, म्हनलं."